टेस्टोस्टेरॉन: इंजेक्शन, जेल की कॅप्सूल? तुलना करताना या चुका टाळा

‘दोन महिने जेल लावतोय, काडीचा फरक नाही. इंजेक्शनच घ्यायला हवं होतं.’ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचे उपचार घेणाऱ्या पुरुषांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. उलट बाजूची तक्रारही ठरलेली: ‘इंजेक्शननंतर पहिला आठवडा झकास जातो, दुसऱ्या आठवड्यात पार गळून जातो.’ दोघांनाही वाटतं, आपल्या वाट्याला चुकीचं औषध आलं. खरं तर जेल असो, सुई असो की कॅप्सूल, रक्तात शेवटी उतरतं ते टेस्टोस्टेरॉनच. वेगळी असते ती त्याची चढण्या-उतरण्याची चाल. ती लक्षात न घेता तुलना केली की माणूस या प्रकारावरून त्या प्रकारावर उड्या मारत राहतो आणि तक्रार जिथल्या तिथेच राहते.

मिलिग्रॅमशी मिलिग्रॅम लावणं

जेलच्या पाकिटावर ५० मि.ग्रॅ., दीर्घकाळ चालणाऱ्या इंजेक्शनवर १००० मि.ग्रॅ. हे आकडे शेजारी ठेवले की जेल म्हणजे किरकोळ काम, असा समज होतो. हिशेब मांडून बघा. जेलमधलं साधारण १० टक्के औषध त्वचेतून आत जातं, म्हणजे ५० मि.ग्रॅ.मधून रोज ५ मि.ग्रॅ.च्या आसपास. इंजेक्शनमध्ये टेस्टोस्टेरॉन एस्टरच्या रूपात, म्हणजे ते हळूहळू सुटावं म्हणून त्याला एक रासायनिक शेपूट जोडून, तेलात विरघळवलेलं असतं आणि त्या शेपटाचंही वजन छापील आकड्यात धरलेलं असतं. १०० मि.ग्रॅ. एनॅन्थेट या एस्टरमध्ये खरं टेस्टोस्टेरॉन सुमारे ७२ मि.ग्रॅ. भरतं. दीर्घकाळ चालणाऱ्या इंजेक्शनमधल्या १००० मि.ग्रॅ. अनडेकॅनोएट या एस्टरमध्ये ते ६३० मि.ग्रॅ.च्या आसपास असतं आणि १२ आठवड्यांवर पसरलं की रोजचे साडेसात मि.ग्रॅ. पडतात. निरोगी पुरुषाचं शरीर स्वतः दिवसाला ३ ते १० मि.ग्रॅ. तयार करतं. म्हणजे तिन्ही आकडे फिरून जवळपास एकाच पट्ट्यात येतात.

रक्त कधी दिलं हे न बघता रिपोर्ट वाचणं

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दोन मित्र रिपोर्ट शेजारी ठेवून ‘तुझे ९००, माझे ३५०’ असं बोलतात आणि एकानं इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी रक्त दिलेलं असतं, दुसऱ्यानं चौदाव्या दिवशी. एनॅन्थेट किंवा सिपिओनेट ही कमी मुदतीची इंजेक्शनं घेतल्यावर पातळी पहिल्या काही दिवसांत शिखर गाठते आणि मग घसरत जाते. म्हणून या प्रकारात साधारणपणे दोन इंजेक्शनांच्या मधोमध तपासणी करतात. दीर्घकाळ चालणाऱ्या अनडेकॅनोएटची तपासणी पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी होते. जेलची लावल्यानंतर २ ते ८ तासांत, तीही नियमित वापराचा किमान आठवडा उलटल्यावर. पॅच असेल तर तो चिकटवल्यावर ३ ते १२ तासांनी. लॅबच्या फॉर्मवर शेवटचा डोस कधी आणि किती घेतला ते लिहून द्या. नाहीतर डॉक्टरांच्या हातात नुसता आकडा पडतो आणि त्याचा अर्थ लावायला काहीच नसतं.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. ज्या दंडावर जेल लावलं त्याच हाताचं रक्त काढलं तर त्वचेवरचं औषध नमुन्यात मिसळून आकडा खोटाच फुगतो. आणि केसा-नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर काही लॅबच्या तपासणी पद्धती फसतात. रक्त देण्याआधी त्या थांबवायच्या का, हे विचारून घ्या.

उपचार सुरू होण्याआधीचीही एक चूक आहे: दुपारी केलेल्या एकाच तपासणीवर निदान. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. म्हणून वेगवेगळ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी दोन तपासण्या आणि जोडीला लक्षणं, अशी रीत आहे. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेघ मानली आहे. सोबत एलएच (पिट्युटरी ग्रंथीतून निघणारं, वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हॉर्मोन) तपासलं की बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, याचा अंदाज येतो. एकदा बाहेरून हॉर्मोन सुरू झालं की हा धागा हाती लागत नाही.

जेल: लावलं आणि लगेच शर्ट चढवला

‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांना आधी विचारा, लावता कुठे आणि नंतर काय करता? पोटाच्या, दंडाच्या की खांद्याच्या त्वचेवर लावायचं हे त्या त्या जेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. घाम पुसून, कोरड्या त्वचेवर पातळ पसरायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. लगेच आंघोळ केली की औषध पाण्याबरोबर गेलं. जेलनुसार २ ते ५ तास थांबावं लागतं. सकाळी जेल लावून तासाभरात पोहायला जाणाऱ्यानं औषधाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

याहून गंभीर चूक घरातल्या माणसांना भोवते. जेल लावलेल्या उघड्या त्वचेला लहान मूल बिलगलं की हॉर्मोन त्याच्या अंगात जातं. अशा मुलांत जननेंद्रियांची वाढ, त्याभोवती अकाली केस, वाढीची हाडं वयाआधी पक्व होणं असे प्रकार दिसले आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जेलवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. गरोदर स्त्रीनंही या जेलपासून दूर राहायला हवं. लावून झाल्यावर साबणानं हात धुवा, जागा वाळली की कपड्यानं झाका, आणि कुणाला जवळ घ्यायच्या आधी ती जागा धुऊन टाका. तान्हं बाळ सतत अंगाखांद्यावर असेल तर जेलचा हट्ट न धरलेला बरा.

काही पुरुषांची त्वचा मात्र औषध खरोखरच कमी शोषते. सगळं नीट करून, डोस वाढवून, योग्य वेळी रक्त तपासूनही पातळी खालीच राहिली, तर प्रकार बदलायला ठोस कारण मिळालं.

इंजेक्शनचा झोका

एनॅन्थेट किंवा सिपिओनेट दोन आठवड्यांतून एकदा २०० मि.ग्रॅ. घेतलं की पहिले काही दिवस पातळी गरजेपेक्षा वर जाते आणि शेवटचे दिवस खाली. चिडचिड, मुरुमं, मग मरगळ. इथे बरेच जण डोस वाढवून मागतात आणि शिखर आणखी उंच करून घेतात. उपाय बहुधा उलटा असतो: एकूण मात्रा तीच, पण दर आठवड्याला १०० मि.ग्रॅ. असे दोन भाग. हा बदल डॉक्टरांशी बोलूनच करा.

अनडेकॅनोएटचं १००० मि.ग्रॅ.चं इंजेक्शन संथ चालतं. दुसरं ६ आठवड्यांनी आणि पुढची १० ते १४ आठवड्यांच्या अंतरानं देतात. पहिल्याच सुईनंतर ‘जमत नाही’ म्हणून सोडणारे घाई करतात, पातळी स्थिरावायला काही इंजेक्शनं जावी लागतात. हे तेल खूप असतं, ४ मि.लि., आणि ते कुल्ल्याच्या स्नायूत हळूहळू सोडावं लागतं. क्वचित त्याचे थेंब फुप्फुसापर्यंत पोहोचून जोराची उबळ, धाप लागू शकते, म्हणून नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तेल कोणतं आहे तेही विचारा. चार एस्टरच्या एका प्रसिद्ध मिश्रणात शेंगदाणा तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

अनडेकॅनोएटची कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची. ती अन्नातल्या स्निग्धांशाबरोबर लसिकावाहिन्यांतून शोषली जाते आणि यकृताचा पहिला फेरा, म्हणजे तिथे आधीच मोडून जाणं, चुकवते. उपाशीपोटी घेतली तर बरीचशी वाया. रक्तदाब वाढू शकतो, तो मोजत राहा. ‘गोळीनं लिव्हर जातं’ ही भीती आली ती मिथाइलटेस्टोस्टेरॉनसारख्या जुन्या गोळ्यांवरून. पॅचनं त्वचा लाल होते, खाजते, जागा बदलत राहायची. कातडीखाली बसवायच्या पेलेट ३ ते ६ महिने चालतात, पण डोस जास्त झाला तर सहज कमी करता येत नाही, म्हणून पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याला मी त्या सुचवणार नाही.

एका प्रकाराची खात्री दुसऱ्याला लावणं

२०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या ५,०००हून अधिक पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉननं हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलं नाही. मात्र हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात गुठळी अडकणं हे प्रकार थोडे जास्त दिसले. यातलं सोयीचं तेवढं घेऊन ‘हृदयाला धोका नाही’ असं सांगत फिरणारे एक गोष्ट विसरतात: त्या चाचणीत १.६२ टक्क्यांचं जेल होतं आणि डोस पातळी बघून बदलला जात होता. मनानं ठरवलेल्या चढ्या इंजेक्शनांना ती खात्री लागू होत नाही. रक्त घट्ट होण्याचा त्रासही कमी मुदतीच्या इंजेक्शनांनी जास्त होतो. हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते) सुरुवातीला, मग ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी बघा. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवून कारण शोधतात. धूम्रपान आणि झोपेत श्वास अडकणं ही नेहमीची दोन कारणं. पीएसएची (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तातली) तपासणीही डॉक्टर सांगतील त्या वेळी.

मूल हवंय, पण ते कुणाला सांगितलंच नाही

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच (शुक्राणू तयार व्हायला लावणारं हॉर्मोन) पाठवणं आवरतो आणि वृषणात शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी पूर्ण बंद पडतं. जेल सौम्य म्हणून यातून सुटका होईल, असं समजू नका. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुतेकांत परततात, पण त्याला काही महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त काळ लागतो. येत्या वर्षभरात मूल हवं असेल तर प्रकार निवडण्याची चर्चा तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. अशा वेळी क्लोमिफिन किंवा एचसीजीसारखे, वृषणाला कामाला लावणारे वेगळे उपाय असतात.