पोस्टग्रेसचा स्टँडबाय लावताय? रेप्लिकेशन स्लॉटच्या या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसचा प्रायमरी (मुख्य सर्व्हर) पणजीत, स्टँडबाय (त्याची सतत अपडेट होणारी प्रत ठेवणारा सर्व्हर) मडगावला अशी मांडणी असली की पावसात कधी लिंक जाते, कधी लाइट. स्लॉट, म्हणजे स्टँडबाय कुठपर्यंत पोचला याची प्रायमरीवरची नोंद, त्यासाठीच असतो, स्टँडबायने उचलेपर्यंत प्रायमरी वॉल फाइल्स (डेटाबेसमधल्या बदलांचा लॉग) काढून टाकत नाही. पण स्टँडबाय परत आलाच नाही तर प्रायमरी डिस्क भरेपर्यंत त्या साठवतच बसतो.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. टेस्टिंगचा स्टँडबाय बंद केला आणि स्लॉट तसाच राहिला. एक वॉल फाइल १६ एमबीची, मिनिटाला एक बनली तरी दिवसाला २२ जीबीच्या वर, आणि चवथीला आयटीवाले गावी गेलेत पण हॉटेलचं बुकिंग चालूच आहे, तर पाच दिवसांत शंभर जीबी जातात आणि जागा संपली की डेटाबेस पॅनिक होऊन बंद पडतो.

अशा वेळी पीजी_वॉल फोल्डरमधल्या वॉल फाइल्स हाताने उडवू नका, प्लीज! डेटाच हातचा जाऊ शकतो. सर्व्हर उठत नसेल तर आधी डिस्क वाढवा, मग पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स व्ह्यूमध्ये बघा, ॲक्टिव्ह फॉल्स आणि रीस्टार्ट_एलएसएन (कुठपासूनची वॉल धरून ठेवायची ती जागा) खूप मागे असलेला स्लॉट कोणाचा आहे याची खात्री करून तो ड्रॉप करा, आणि चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणारी कमांड) चालवा, कारण फाइल्स जातात त्या चेकपॉइंटलाच.

स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल साठवायची हे ठरवायला व्हर्जन १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज हे सेटिंग आहे, डीफॉल्ट -१ म्हणजे लिमिटच नाही. डिस्क बघून आकडा टाका, रीलोड पुरतो. लिमिट ओलांडली की त्या स्लॉटचं वॉल_स्टेटस लॉस्ट होऊ शकतं, म्हणजे लागणाऱ्या फाइल्स गेल्या, आणि वॉल आर्काइव्ह (वॉल फाइल्सची वेगळी ठेवलेली प्रत) नसेल तर स्टँडबाय नव्याने बांधावा लागतो, पण माझ्या मते प्रायमरी पडण्यापेक्षा ते कधीही परवडलं.

दोन स्टँडबायना एकच स्लॉट देऊ नका, दुसऱ्याला स्लॉट ॲक्टिव्ह आहे असा एरर येतो. नावात हायफन, कॅपिटल चालत नाही. स्टँडबायसाठी प्रत घेणाऱ्या पीजी_बेसबॅकअप कमांडला कॅपिटल सी, एस, आर हे तिन्ही ऑप्शन दिले की स्लॉट बनतो आणि स्टँडबायचं सेटिंगही लिहिलं जातं.

हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (आपल्या क्वेरींना कुठल्या जुन्या रो अजून लागतात हे स्टँडबायने प्रायमरीला कळवायचं सेटिंग) ऑन असेल तर अजून एक भानगड, बंद पडलेल्या स्टँडबायचा स्लॉट जुना एक्समिन (सगळ्यात जुना लागणारा ट्रान्झॅक्शन नंबर) धरून ठेवतो, साफसफाई करणाऱ्या व्हॅक्यूमला मेलेल्या रो काढता येत नाहीत आणि टेबलं फुगत जातात.

आणि फेलओव्हर झाला, म्हणजे प्रायमरी पडून स्टँडबायच नवा प्रायमरी झाला, तर जुन्या प्रायमरीवरचे फिजिकल स्लॉट (स्टँडबायसाठीचे हेच स्लॉट) नव्यावर आपोआप येत नाहीत, बाकीचे स्टँडबाय जोडायच्या आधी ते तिथे बनवून घ्या.