घरचं चायनीज पचपचीत होतंय? या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं घर होतं तेव्हा संध्याकाळी साडेसातनंतर खिडकीतून दोन वास यायचे. एक शेजारच्या फोडणीचा, दुसरा कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीचा: करपू पाहणारा लसूण, व्हिनेगर आणि धूर. त्या दुसऱ्या वासाने माझे कितीतरी अभ्यासाचे तास खाल्ले. पुढे आम्ही घोडबंदर रोडला राहायला गेलो, गाडी लांब पडली, आणि एका रविवारी मी जाहीर केलं की आज फ्राइड राइस घरीच. आठ माणसं, एक नॉनस्टिक कढई आणि नुकताच कुकरमधून काढलेला वाफाळता भात. पाहुण्यांसमोर आईने झाकण उचलून विचारलं, "अरे, खिचडीत सोया सॉस का घातलास?"

त्यानंतर बरेच राइस बिघडवले. सॉस बदलून पाहिले, अजिनोमोटो घालून पाहिलं, सगळ्यात महाग नूडल्स आणून पाहिल्या. दोष निघाला पाण्यात. भातातलं पाणी, कोबीतलं पाणी, पार्सलच्या डब्यात कोंडलेली वाफ. खालच्या बहुतेक चुका फिरून तिथेच येतात.

भात आणि तांदूळ

पहिली चूक तांदळाची. इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे आपले जीव की प्राण, पण ते चिकट. मऊ भातावर मेतकूट-तूप घालायला त्यांच्यासारखे दुसरे नाहीत, फ्राइड राइसला मात्र ते नकोत. बासमती घ्या, नाहीतर जुना कोलम. नवा कोलम शिजताना एकमेकांना धरून बसतो.

दुसरी चूक म्हणजे कुकर. तांदूळ भरपूर उकळत्या पाण्यात मोकळा शिजवा, दाण्यात किंचित कणी असतानाच चाळणीत ओता आणि परातीत पसरा. पंख्याखाली वाफ निघून जाऊ द्या. मग झाकून फ्रिजमध्ये. गार होताना भातातलं स्टार्च घट्ट होतं, दाणा टणक होतो आणि कढईत उलथन्याचा मार सोसतो. गाडीवाल्याकडे दुपारी शिजवून ठेवलेल्या भाताचा डोंगर असतो तो याचसाठी.

इथे एक गोष्ट गमतीत घेऊ नका. "शिळा भात चांगला" ऐकून काही जण रात्रभर भात ओट्यावर ठेवतात. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. उबदार भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत तर विचारूच नका. शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे.

कढईत गर्दी

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती वर्षानुवर्षं केली. एकदा न राहवून गाडीवरच्या आचाऱ्याला विचारलं, तर तो कढई उडवता उडवताच म्हणाला, "घर के गैस पे एक बार में दो प्लेट. उससे ज्यादा नहीं." मला वाटलं, टाळतोय. तो खरं बोलत होता.

घरच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण अडीच-तीन किलोवॅट असते. हॉटेलची भट्टी त्याच्या कितीतरी पट. भाजी कढईत पडली की पाणी सोडते. जाळ जोरदार असेल तर ते पाणी सुटता सुटताच उडून जातं. जाळ कमी आणि भाजी जास्त असेल तर तळाशी पाणी साचतं, आणि पाणी आहे तोवर कढईचं तापमान शंभर अंशांच्या वर जायला तयार नसतं. खमंगपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे तुम्ही परतत नसता, उकडत असता. चिनी आचारी ज्या धुरकट चवीला कँटोनीज भाषेत 'वोक हे', म्हणजे कढईचा श्वास, म्हणतात ती अशा कढईत येत नाही.

उपाय साधा आहे, फक्त धीर लागतो. आठ माणसांचा राइस चार वेळा करायचा. लोखंडी किंवा बिडाची कढई कोरडीच धूर येईपर्यंत तापवायची, मग तेल, मग लसूण. लसणाला दहा सेकंद पुरतात. त्यामागून गाजर-फरसबी, मग ढोबळी मिरची, कोबी सगळ्यात शेवटी. मीठही शेवटी, कारण मीठ पडलं की भाजी रडायला लागते. भाज्या धुतल्यावर फडक्यावर निथळून कोरड्या करा. मी जांभळी नाक्यावरून सकाळीच भाजी आणतो आणि दुपारी चिरून उघडी ठेवतो. आईला हे अजून पटलेलं नाही. "चिरलेली भाजी उघडी ठेवतात का?" हा प्रश्न दर रविवारी येतो.

नॉनस्टिक कढई या कामाला नको. तिचा लेप २६० अंशांच्या आसपास खराब व्हायला लागतो, आणि रिकामी तापवली तर ती तिथवर फार लवकर पोचते.

सॉस भाताच्या मधोमध ओतू नका. कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तो तिथेच चर्र करून आटतो आणि भाताला रंगासोबत वासही देतो. मधोमध ओतलात तर चार दाणे काळे आणि बाकीचे पांढरे.

मंचुरियन फुटतं तेव्हा

चीनमध्ये जाऊन मंचुरियन मागाल तर लोक तोंडाकडे बघतील. हा पदार्थ आपल्या मुंबईचा. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी तो पहिल्यांदा केला असं मानलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली सुरुवात. पुढे गरम मसाल्याऐवजी त्यांनी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. वँग कोलकात्याच्या चिनी वस्तीत वाढलेले. त्या शहरातल्या टिरेटा बाजार आणि टांगरा भागातल्या हक्का लोकांच्या हातून भारतात चायनीज रुजलं, म्हणून आपल्या मेन्यूवर 'हक्का नूडल्स' आहेत.

तर गोळे. कोबी किसून त्यात मीठ घातलं आणि मिश्रण तासभर ठेवलं की त्याची आमटी होते. मग माणूस पीठ वाढवतो, मग गोळे दगड होतात. किसलेल्या कोबीला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, फडक्यात घट्ट पिळा, मग कॉर्नफ्लोअर आणि थोडा मैदा. मिश्रण झालं की लगेच तळा. आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर चमचाभर पीठ वाढवा. हा एक गोळा वाचवायच्या नादात मी वीस घालवलेत. आणि पिळलेलं पाणी टाकू नका, रश्शाला तेच वापरा.

दुकानातून आणतानाही एक गोंधळ होतो. मक्याचं पीठ पिवळं असतं, ते भाकरीचं. कॉर्नफ्लोअर पांढरं, बोटांत चुरचुरणारं, ते मक्याचं नुसतं स्टार्च. मक्याच्या पिठाने रस्सा दाट होतो खरा, पण पिठल्यासारखा.

कॉर्नफ्लोअर गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या ठरलेल्या. गार पाण्यात कालवा, ओतायच्या आधी पुन्हा ढवळा (तळाशी बसलेलं असतं), आणि रस्सा उकळत असताना बारीक धारेने सोडा. कपभर रश्शाला एक मोठा चमचा पुरतो. दाट झालं की मिनिटभर उकळून गॅस बंद. फार उकळलं किंवा व्हिनेगर घालून शिजवत ठेवलं तर तोच रस्सा पुन्हा पातळ होतो, म्हणून व्हिनेगर गॅस बंद केल्यावर. आणि गोळे रश्शात पडतील ते ताटं मांडल्यावरच.

शेजवान चटणीचा कच्चट वास

सुक्या मिरच्या भिजवून वाटल्या, तेलात दोन मिनिटं परतल्या, झाली चटणी, असं होत नाही. वाटणातलं पाणी पूर्ण आटून कडेने तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतावं लागतं. त्याला वीस मिनिटंही लागतात. तेलात काटकसर केलीत तर ती टिकणारही नाही. रंगासाठी काश्मिरी किंवा बेडगी मिरची घ्या, बिया काढून. आम्ही वर्षाच्या मसाल्याबरोबर वाशीच्या एपीएमसीच्या मसाला बाजारातून थोडी जास्तच आणतो. गाडीवरचा तो भडक लाल रंग घरी येत नाही, कारण तो बहुधा मिरचीचा नसतोच. आणि लसूण वाटू नका, बारीक चिरा.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यावरून 'शेजवान' हे नाव आलं त्या चीनमधल्या खऱ्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात एक दाणा असतो, ज्याने जिभेला मुंग्या येतात. आपल्या शेजवानमध्ये तो नसतोच. पण त्याचा सख्खा चुलतभाऊ कोकणात आहे: तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच. दोन्ही एकाच वनस्पतीकुळातली, एकाच प्रजातीसमूहातली. एकदा दोन-तीन तिरफळांतल्या काळ्या बिया काढून, सालं जाडसर कुटून चटणीत घातली. मुंग्या आल्या, वासही छान. दुसऱ्यांदा उत्साहात दहा घातली, तर सगळ्या घराला बांगड्याची आठवण यायला लागली.

अजिनोमोटोची भीती, मिठाकडे दुर्लक्ष

१९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या रश्शातून ग्लुटामेटची चव वेगळी काढली. पुढच्याच वर्षी ते 'अजिनोमोटो' नावाने बाजारात आलं. टोमॅटोतही ग्लुटामेट असतं. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चायनीज खाल्ल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल एक पत्र छापून आलं आणि तिथून या पांढऱ्या पुडीची बदनामी सुरू झाली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात ठोस दोष सापडला नाही. मी ते घालत नाही, पण ते सवयीने, भीतीने नाही.

रात्री दोनदा उठून पाणी पिता ना, त्याचं कारण बहुतेकदा मीठ. सोया सॉसमध्ये मीठ, चिली सॉसमध्ये मीठ, शेजवान चटणीत मीठ, वर आपण सवयीने चमचाभर टाकतो ते वेगळंच. सगळे सॉस घातल्यावर चाखा, मगच मिठाच्या डब्याला हात लावा. डार्क सोया रंगासाठी असतो, चमचाभर पुरे.

हॉटेलात आणि पार्सलमध्ये

चौघांनी चार ग्रेव्ह्या मागवल्या की टेबलावर चार तपकिरी वाडगे येतात आणि तिसऱ्या घासापासून सगळ्यांची चव एकच लागते. एक ग्रेव्ही, एक सुकं, एक साधा हक्का किंवा नुसता वाफेचा भात, इतकं बस्स. सूप वन बाय टू. ट्रिपल शेजवानमध्ये भात, नूडल्स, ग्रेव्ही आणि वर तळलेल्या नूडल्स असतात, त्यावर पुन्हा फ्राइड राइस सांगू नका. 'शेजवान कमी तिखट' हा निरोप किचनपर्यंत पोचतो की नाही देव जाणे. तिखट नको असेल तर पदार्थच दुसरा घ्या. शाकाहारी असाल तर सुपाचा रस्सा कशाचा, ऑयस्टर किंवा फिश सॉस आहे का आणि तेल वेगळं आहे का, हे आधी विचारा. गव्हाची ॲलर्जी असेल तर सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

पार्सलचं तर साधं गणित. नौपाड्याहून कासारवडवलीपर्यंत रिक्षाने, घोडबंदरची वाहतूक धरून, कितीही वेळ लागू शकतो. तेवढा वेळ लॉलीपॉप बंद डब्यात स्वतःच्याच वाफेत उकडत असतात. तळलेलं कागदी पिशवीत मागा, सॉस वेगळा घ्या, डबा घेतलाच तर झाकण अर्धवट उघडं ठेवा. रिक्षावाला एकदा मागे वळून बघतो, तेवढं चालतं. मनचाव सुपाच्या तळलेल्या नूडल्स कुणी आधीच सुपात टाकून बांधू लागला तर तिथल्या तिथे थांबवा.

जिथे पाणीच हवं

आजारपणात किंवा पावसात भिजून आल्यावर चिनी घरांत जे करतात ते आपल्या मेन्यूवर कधीच दिसत नाही: एक वाटी तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, आल्याचे तुकडे, आणि तासभर मंद आच. कँटोनीजमध्ये त्याला 'जूक' म्हणतात. चूक एकच होते, घाईने कुकरला लावून पाणी कमी घालण्याची. दाणा फुटून विरघळला पाहिजे. इथे मात्र तोच चिकट आंबेमोहोर घ्या, तो याच कामाचा. वरून पातीचा कांदा, थेंबभर तिळाचं तेल, थोडा सोया.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप होता तेव्हा केलं. तिने दोन चमचे खाल्ले, वाडगा जवळ ओढला आणि म्हणाली, "ही तर पेज. लोणचं कुठाय?"