पाटावर मांडा विलिसचं वर्तुळ

इंदूरला रामबागेत माझ्याकडे फर्स्ट इयरची मुलं अ‍ॅनाटॉमी शिकायला येतात. मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं वर्तुळ, म्हणजे सर्कल ऑफ विलिस, मी त्यांना आधी वहीत काढू देत नाही. पाटावर मांडायला लावते. नाडा, लाल लोकर, शिवणाचा लाल आणि पिवळा दोरा, दोन बटणं, दोन साबुदाणे, एवढं घेऊन बसा.

मेंदू खालून बघतोय, कपाळ पाटाच्या वरच्या कडेला आहे, असं धरा. म्हणजे पेशंटची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला आली. इथे चुकलात तर पुढचं सगळं उलटं होतं.

खालच्या कडेपासून नाड्याचे दोन तुकडे वर नेऊन जुळवा. या व्हर्टिब्रल रक्तवाहिन्या, मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून चढून आलेल्या. जुळल्या की एकच नाडा: बॅसिलर. त्याच्या टोकाला लोकरीचे दोन फाटे, पोस्टिरिअर सेरेब्रल, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या. थोडं वर, दोन बाजूंना बटणं ठेवा. ही मानेतून वर येणाऱ्या इंटर्नल कॅरोटिडची कापलेली तोंडं. प्रत्येक बटणापासून लोकरीचा एक फाटा बाहेर, मिडल सेरेब्रल. एक पुढे आत, अँटिरिअर सेरेब्रल. मिडल सेरेब्रल वर्तुळात मोजत नाहीत, हे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात.

आता शिवणाचा लाल दोरा. दोन अँटिरिअर सेरेब्रलच्या मध्ये एक बारीक तुकडा, अँटिरिअर कम्युनिकेटिंग, म्हणजे पुढची जोडवाहिनी. खरी लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. मग प्रत्येक बटणापासून मागे पोस्टिरिअर सेरेब्रलपर्यंत एकेक दोरा, पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग. वर्तुळ मिटलं. आत, जरा मागच्या बाजूला, साबुदाणे शेजारी शेजारी ठेवा: मॅमिलरी बॉडीज, मेंदूच्या तळाशी दिसणारे दोन छोटे उंचवटे.

आता एक बटण उचला, म्हणजे त्या बाजूची कॅरोटिड बंद झाली असं धरा. त्या बाजूला रक्त कुठून येईल, ते बोटाने दाखवा. समोरून ४ मिलिमीटरच्या पुलावरून, मागून बॅसिलरकडून. कॅरोटिड बंद झालेली असूनही माणसाला पक्षाघाताचा झटका आलेला नव्हता, हे इंग्लिश डॉक्टर थॉमस विलिसने १६६४च्या ग्रंथात नोंदवलं. त्यातली चित्रं पुढे वास्तुकार म्हणून गाजलेल्या ख्रिस्टोफर रेनने काढली होती. पण पुस्तकातल्यासारखं पूर्ण वर्तुळ निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. म्हणून एका बाजूचा मागचा दोराही काढा आणि पुन्हा बोट फिरवा. हा सराव मुलं टाळतात, मी टाळू देत नाही.

शेवटी पिवळा दोरा, तिसरी नर्व्ह, म्हणजे पापणी उचलणारी आणि बाहुली लहान करणारी नस. पोस्टिरिअर सेरेब्रलच्या खालून निघून ती पोस्टिरिअर कम्युनिकेटिंगला लागूनच पुढे जाते. त्या वाहिनीला फुगा आला की हिच्यावर दाब येतो. माझ्या काकूची डावी पापणी अशीच उतरली होती, डोकं ठणकत होतं. घरात सगळे म्हणाले, जागरण झालंय, झोपू दे. मी पापणी वर करून पाहिली, तर बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती. उजाडायची वाट न बघता आम्ही तिला हॉस्पिटलला नेलं. पापणी उतरलेली दिसली की तुम्हीही आधी बाहुली बघा, आणि मोठी असेल तर लगेच निघा.