जुनी गाडी दुरुस्त करायची की बदलायची, हे कसं ठरवावं

बारा-चौदा वर्षांच्या गाडीला चाळीस-पन्नास हजारांचं काम निघालं की घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, "इंजिन धडधाकट आहे, करून टाका." पोरं मोबाईलवर नव्या गाडीचा हप्ता काढून दाखवतात. मग शेजारचा कुणीतरी येऊन विचारतो, "दीड लाखाची गाडी, तिच्यात पन्नास हजार कशाला घालता?" हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो, पण गाडीचा बाजारभाव तुम्ही ती विकणार असाल तरच कामाचा. ती चालवायची असेल तर दोनच गोष्टी बघायच्या: हे पैसे घातल्यावर गाडी किती दिवस बिनघोर चालेल, आणि तेवढे दिवस दुसरी गाडी वापरायला काय लागेल.

आधी आरसी बुक काढा

गॅरेजात जाण्याआधी आरसीवरची नोंदणीची मुदत बघा. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असं आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं. पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल गाडी, हा निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आहे. आपल्याकडे मराठवाड्यात एमएच २० असो की एमएच २६, खासगी गाडीचं पंधरा वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग, म्हणजे फेरनोंदणी, करून घेता येतं आणि ते पाच वर्षं चालतं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून कारच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये आहे. वीस वर्षांपुढच्या कारसाठी २०२५ मध्ये ती १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट. भरायच्या राहिलेल्या ई-चलानांचा आकडाही बघून ठेवा.

पासिंग सहा-आठ महिन्यांवर आलं असेल तर आत्ताचं काम आणि पासिंगचं काम एकत्रच धरा. ब्रेक, लाइट, टायर, पत्रा तिथेही बघणारच आहेत. आज पन्नास हजार घालायचे आणि दिवाळीला पासिंगसाठी पुन्हा वीस, हे टाळायचं.

इंजिन खोलण्याआधी यादी मागा

"खोलल्यावर सांगतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी सोडून येऊ नका. एकदा हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवून सामान पोत्यात भरलं की तुमची ना म्हणायची सोय गेली. गाडी रॅम्पवर चढवून, आवाज ऐकून, कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तपासून अंदाज देता येतो. तो लिहून घ्या आणि दुसऱ्या गॅरेजात दाखवा. पहिल्या मिस्त्रीला राग आला तर येऊ द्या.

यादी हातात आली की तिचे दोन भाग करा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, बेल्ट, टायर, शॉकअप, सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबर) ही झीज आहे. आपल्या काळ्या मातीतले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. त्यामुळे लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड इथे लवकर जातात. यादी लांब आणि बिल मोठं असलं तरी झिजेच्या कामाला घाबरायचं कारण नाही. ते एकदा केलं की काही वर्षं परत निघत नाही.

इंजिन, गिअर बॉक्स, चेसिस आणि वायरिंग यांची गोष्ट वेगळी. इथे एक काम दुसरं काढतं. इंजिन केलं की नव्या जोरानं जुना क्लच बोलायला लागतो, मग गिअर बॉक्स. पुरात बुडालेल्या किंवा मोठ्या अपघातातून उठलेल्या गाडीच्या वायरिंगचा तर अंत लागत नाही. तिथे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करायची तपासणी

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर करा. गरम इंजिन खोटं बोलतं.

गाडी थंड असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या डबीचं झाकण उघडा. आत हिरवं किंवा लाल कूलंट असेल तर ठीक. पांढरट गढूळ पाणी आणि झाकणाच्या रबराला चुन्यासारखा थर दिसला, तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. मराठवाड्यात हे फार होतं. एप्रिल-मेमध्ये गाडी गरम मारायला लागते, शेतातली बाटली हाताशी असते, आणि तेच जड पाणी आत जातं. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, पाणी फिरायचं कमी होतं, पुढच्या उन्हाळ्यात गाडी उकळते आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, जातं. रेडिएटर बदलून डिस्टिल्ड वॉटरमधलं कूलंट भरणं हे काही हजारांचं काम आहे. पण गाडी आधीच दोन-तीनदा उकळलेली असेल तर हेडला बाक आलाय का, हे तपासल्याशिवाय बाकी कुठलंच काम सांगू नका.

मग ऑइलचं झाकण उघडून खालची बाजू बघा. ताकासारखा पांढरा चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. गाडी चालू करा, झाकण नुसतं वर ठेवा. भकभक धूर येऊन झाकण नाचायला लागलं तर रिंग-पिस्टन झिजलेत. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते.

शेवटी डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खालचा पत्रा बघा, दाराच्या खालच्या कडा बघा. कोकणातल्यासारखी खारी हवा आपल्याकडे नाही, त्यामुळे पत्रा सहसा टिकतो. जुन्या गाडीबाबत एवढी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तरीही पत्रा सडलेला निघाला तर गाडी बाहेरून आलेली किंवा ठोकलेली असू शकते.

पेट्रोल गाडी असेल तर फ्युएल पाइपही चाचपा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचं रबर त्या हिशोबानं बनवलेलं नाही. पाइप कडक झालेत, भेगा पडल्यात असं दिसलं तर ते आधी बदला. तो खर्च किरकोळ आहे, आणि गळतं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं तर गाडीच जाते.

हिशोब हप्त्यात मांडा

समजा २०१२ ची छोटी पेट्रोल गाडी आहे आणि दुरुस्ती ४८,००० ची निघाली. नवी गाडी रस्त्यावर यायला ७ लाख. दीड लाख हातचे घातले आणि साडेपाच लाख साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता साधारण ११,५५० बसतो. म्हणजे अख्खी दुरुस्ती चार हप्त्यांची.

आता दोन वर्षांचं बघा. ४८,००० अधिक वर्षाला १५,००० किरकोळ देखभाल मिळून ७८,०००, म्हणजे महिन्याला ३,२५०. नवी गाडी एव्हरेज जास्त देते हे खरं. वर्षाला १०,००० किलोमीटर धरा. जुनी १४ देते आणि नवी २०, तर जुनीला सुमारे २१४ लिटर जास्त लागतात. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला १,९०० च्या आत. दोन्ही मिळून पाच हजार शंभरच्या आसपास. परभणीकरांनी पेट्रोलचा भाव थोडा चढा धरावा, त्यांना सवय आहेच.

हप्ता भरून गाडी नावावर होते हे मान्य, पण दर महिन्याला खिशातून जायचे ते जातातच. माझा साधा नियम असा: दोन वर्षांचा मासिक खर्च हप्त्याच्या निम्म्याच्या आत बसला तर दुरुस्ती करा. याच गाडीला इंजिनचे आणखी ७५,००० निघाले तर महिना आठ हजारांपुढे जातो, हप्त्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर. तिथे थांबा, बदला.

शेतीवर घर असेल तर आणखी एक बाब. सोयाबीनचे पैसे दिवाळीला, उसाचे कारखाना देईल तेव्हा, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. दुरुस्ती महिनाभर पुढे ढकलता येते, हप्ता नाही. नोकरदाराचं उलट असतं, त्याला अचानक आलेलं मोठं बिल जड जातं.

गाडी कुठे चालते?

गाव ते तालुका, मोंढा, लग्नकार्यं एवढंच असेल तर जुनी गाडी दुरुस्त करून वापरायला हरकत नाही. पण घरात पेशंट आहे, दर पंधरवड्याला लातूर किंवा संभाजीनगरचा दवाखाना आहे, रात्री-अपरात्री निघावं लागतं, अशा घरानं हिशोब काठावर आला तर भरवशाची गाडी घ्यावी. समृद्धीवर जालन्याहून चढणार असाल तर निदान टायर बघा. बाजूवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर मे महिन्यात त्या काँक्रीटवर, त्या वेगात नेऊ नका.

सुटे भाग मिळतात का, हेही बघा. अल्टो, वॅगन-आर, बोलेरो हिंगोलीतही दुपारपर्यंत दुरुस्त होऊन मिळेल. फोर्डनं भारतातलं उत्पादन २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं, शेवरलेची विक्री २०१७ अखेर संपली. अशा गाडीचा भाग येईपर्यंत ती किती दिवस उभी राहील, ते आधी विचारा.

बदलायचं ठरलं तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे नव्या स्वस्त झाल्या आणि जुनीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. शोरूमचा एक्सचेंजचा भाव आणि बाहेरचा भाव दोन्ही घ्या. 'नो क्लेम बोनस', म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावा, पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो.

गाडी अगदीच संपली असेल तर भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तिचं लोखंड शेवटी जालन्याच्या भट्टीत जाईलही, पण आरटीओच्या कागदावर ती तुमच्याच नावावर जिवंत राहील. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात राज्याच्या नियमाप्रमाणे सूट मिळते.

विकली तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका. घेणाऱ्याचं आधार, फोटो, तारीख-वेळ घातलेली पावती ठेवा, आणि महिन्याभरानं एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नाव बदललंय का ते स्वतः बघा. बदललं नसेल तर गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.