डीडी फ्री डिश घरी कशी लावायची, आणि एप्रिलमध्ये चॅनल गायब झाले तर काय करायचं

दर महिन्याच्या रिचार्जला वैतागला असाल तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश खरंच लावून बघा. डिसेंबर 2004 पासून ही सेवा चालू आहे, महिन्याचं भाडं नाही, खर्च एकदाच, छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसवायचा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स. बॉक्स मात्र एमपेग-4 (चित्र पाठवायची नवी पद्धत) चाच मागा, जुना एमपेग-2 वाला स्वस्तात मिळतो पण त्यावर काही चॅनल येतच नाहीत.

छत्री जीसॅट-15 या उपग्रहाकडे धरायची. तो 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे महाराष्ट्रातून आग्नेयेला आणि बराच वर. त्या बाजूला झाड, पाण्याची टाकी, शेजारची बिल्डिंग आडवी नको. बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी 11090, सिम्बॉल रेट 29500, व्हर्टिकल टाका, एकाला टीव्हीसमोर बसवा आणि दुसऱ्याने गच्चीवर छत्री अगदी जराजराशी सरकवायची, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबायचं कारण आकडा उशिरा हलतो. बॉक्स टीव्हीवर सिग्नलचे स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन आकडे दाखवतो, बघायचं ते क्वालिटी. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य म्हणजे वायर ठीक आहे पण छत्रीची दिशा चुकलीय. क्वालिटी वर गेली की एलएनबी पण थोडा वळवून बघा, मगच नट आवळा. जोडांवर चांगली टेप गुंडाळा, पावसात तिथूनच पाणी शिरतं.

आता एप्रिलचं. सह्याद्रीसारखे दूरदर्शनचे चॅनल असतातच, पण खासगी चॅनलना फ्री डिशवर जागा ई-लिलावात पैसे मोजून घ्यावी लागते आणि बऱ्याच जागांची मुदत 31 मार्चला संपते. त्यामुळे 1 एप्रिलला काही चॅनल जातात, काही नवे येतात, काहींचा नंबर बदलतो आणि लोक उगाच मेकॅनिकला पैसे देतात. आधी ऑटो स्कॅन करा. तरीही चॅनल नाही आला आणि बाकीचे नीट दिसतायत, तर त्याने जागा घेतलेली नाही, छत्रीला हात लावू नका.

क्रिकेटवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. 2007 च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं, पण 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवरून साध्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दिसतं, म्हणून खासगी डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स असूनही तो सामना तिथे लागत नाही.