बेल्स पाल्सीनंतर चेहऱ्याचे व्यायाम : या चुका टाळा

बेल्स पाल्सीमुळे तोंड वाकडे झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात घरातून, शेजारातून आणि मोबाइलवरून जे सल्ले मिळतात, ते बहुधा एकाच सुराचे असतात : फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, डोळा जोर लावून मिटा, दिवसभर तोंडाची हालचाल करत राहा. सल्ला देणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. परंतु या सल्ल्यांच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. चेहऱ्याचा स्नायू अशक्त झाला आहे, म्हणून त्याला दंडाच्या स्नायूप्रमाणे मेहनत दिली की तो बळकट होईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. या आजारात दुखावलेली असते ती नस. नस सावरत असताना चेहऱ्याला ताकदीपेक्षा अचूकपणा शिकवावा लागतो, आणि पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याच्या हावभावांसाठी असते. स्कॉटलंडचे शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांविषयीचे आपले निरीक्षण मांडले आणि पुढे या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. ही नस कानामागच्या हाडातील एका अरुंद मार्गातून चेहऱ्याकडे येते. तिला सूज आली की पसरायला जागा नसल्यामुळे ती तिथेच दाबली जाते आणि त्या बाजूचे कपाळ, पापणी, गाल व ओठ यांना मेंदूची आज्ञा पोचेनाशी होते. शरीरात सुप्त राहिलेला हर्पीसचा विषाणू पुन्हा सक्रिय होणे, हे या सुजेचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. एसटीच्या खिडकीशी बसल्यामुळे गार वारे लागले, एवढ्या स्पष्टीकरणावर समाधान मानून चार दिवस शेक घेत बसणे ही खरे तर पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

निदान आणि औषध यांच्याआधी व्यायाम सुरू करणे

चेहरा अचानक वाकडा झाला तर तो पक्षाघात, म्हणजे मेंदूचा झटका, नाही ना, याची खात्री सर्वप्रथम रुग्णालयात करून घ्यावी. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्याने पक्षाघातात सहसा कपाळावर आठ्या घालता येतात, तर बेल्स पाल्सीत त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. ही खूण डॉक्टरांच्या उपयोगाची आहे, तिच्या आधारे घरी निर्णय घेऊ नये. हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे यांपैकी काहीही सोबत असेल, तर महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, कारण पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. कानात किंवा कानाभोवती वेदनादायक फोड आले असतील तर तो नागिणीचा प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

बेल्स पाल्सीचे निदान निश्चित झाल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू करणे महत्त्वाचे असते. स्कॉटलंडमधील ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नऊ महिन्यांनंतर हे औषध घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते, तर न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ८१.६ टक्के होते. पहिल्या तीन दिवसांत कोणताही व्यायाम एवढा फरक पाडू शकत नाही. मधुमेह असलेल्यांची साखर या औषधाने वाढते, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. पण साखरेच्या भीतीने परस्पर टाळूही नये, कारण डॉक्टर साखरेवर लक्ष ठेवून ते देऊ शकतात. गर्भवतींनीही हीच काळजी घ्यावी.

डोळ्याकडे दुर्लक्ष

सगळे लक्ष वाकड्या ओठांकडे लागते आणि उघडा राहणारा डोळा मागे पडतो. ओठ काही महिन्यांनी सरळ होतील, मात्र कोरड्या पडलेल्या बुबुळाला जखम झाली तर दृष्टीचे कायमचे नुकसान होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्यात घालायचे मलम, झोपताना पापणी नीट मिटवून लावलेली कागदी चिकटपट्टी आणि दुचाकीवर किंवा धुळीत वावरताना चष्मा, ही काळजी पापणी पूर्ण मिटू लागेपर्यंत रोज घ्यायची असते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

पापणी मिटवण्यासाठी चेहरा आवळून जोर करू नये. आधी नजर खाली जमिनीकडे न्यावी, म्हणजे वरची पापणी उचलून धरणारा स्नायू सैल पडतो, आणि मग बोटाच्या टोकाने पापणी हलकेच खाली आणावी.

जोर, घाई आणि अतिरेक

खरा घोटाळा इथे होतो. चेहऱ्याच्या बहुतेक स्नायूंचे एक टोक थेट त्वचेत रुतलेले असते, ते अतिशय पातळ असतात, आणि हातापायांच्या स्नायूंत ताण ओळखणारी जी सूक्ष्म रचना असते ती त्यांच्यात जवळजवळ नसते. त्यामुळे आपला गाल नेमका किती हलला हे आरशाशिवाय कळत नाही. रुग्ण जोर लावतो, निरोगी बाजू त्या जोराला लगेच प्रतिसाद देते, तोंड त्या बाजूला आणखी ओढले जाते आणि आजारी बाजू जिथल्या तिथे राहते. म्हणजे शंभर वेळा हसण्याचा प्रयत्न करून सराव होतो तो वाकडे हसण्याचाच.

दुसरा धोका पुढच्या महिन्यांत दिसतो. नस मुळातून दुखावली असेल तर तिचे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, आणि वाढताना काही तंतू वाट चुकतात. ओठांसाठी निघालेला तंतू पापणीच्या स्नायूला जाऊन मिळतो. मग हसताना डोळा बारीक होतो, डोळा मिटताना ओठाचा कोपरा वर खेचला जातो, मानेवरचे स्नायू ताणलेले दिसतात. काहींना तर जेवताना त्या डोळ्यातून पाणी येते. वैद्यकीय भाषेत याला सिनकायनेसिस म्हणतात आणि ते साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास जाणवू लागते. तंतूंची चुकलेली वाट व्यायामाने बदलता येत नाही. मात्र सगळा चेहरा एकदम आवळण्याचा सराव केला, तर डोळा आणि ओठ एकत्र हलवण्याची ही सवय अधिकच पक्की होण्याची भीती असते. म्हणूनच चेहऱ्याच्या पुनर्शिक्षणात अनुभव असलेले फिजिओथेरपिस्ट जोराचे व्यायाम देत नाहीत.

फुगा फुगवण्यात नेमके हेच सगळे एकत्र येते : हवा कमजोर कोपऱ्यातून निसटते, ती थोपवण्यासाठी निरोगी बाजू आवळली जाते आणि डोळेही आपोआप घट्ट मिटले जातात. च्युइंगमचे कारण आणखी साधे आहे. चावण्याचे मुख्य स्नायू पाचव्या नसेवर चालतात आणि बेल्स पाल्सीत ती शाबूत असते, म्हणून च्युइंगम चघळल्याने जबडा थकतो पण आजारी नसेला त्याचा काही उपयोग होत नाही. गाल आणि दात यांच्यामध्ये घास अडकत असेल तर लहान घास घेणे आणि जेवणानंतर बोटाने तो भाग स्वच्छ करणे पुरेसे आहे.

विजेच्या सौम्य धक्क्यांचे, म्हणजे आपल्याकडे ‘करंट’ किंवा ‘शेक’ या नावाने दिले जाणारे उपचार अनेक ठिकाणी पहिल्याच दिवसापासून सुरू होतात. त्यांच्यामुळे नस लवकर बरी होते, असे दाखवणारा चांगल्या दर्जाचा पुरावा नाही, आणि धक्क्याने आजूबाजूचे अनेक स्नायू एकत्र आकसतात, जे आपल्याला नको आहे. ऑनलाइन मागवलेले यंत्र घरीच गालावर लावणे तर मुळीच करू नये.

मग व्यायाम कसा करावा

गालाची काहीच हालचाल होत नसेल त्या काळात व्यायामाची गरजच नसते. ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे हलका मसाज आणि आरशासमोर बसून हालचालीची केवळ कल्पना करणे, एवढे पुरते. पहिली बारीकशी हालचाल दिसू लागली की शांत खोलीत, चांगल्या उजेडात आरसा घेऊन बसावे, चेहरा पूर्ण सैल सोडावा आणि एका वेळी एकच हालचाल निवडावी, उदाहरणार्थ ओठ न उघडता केलेले स्मित. निरोगी गालावर बोटे ठेवून त्या बाजूची ओढ रोखावी आणि आजारी बाजू जेवढी जाईल तेवढीच, अगदी सावकाश, वर न्यावी. डोळा बारीक होऊ लागला असे दिसताच तिथेच थांबावे, एक पाऊल मागे यावे आणि त्या मर्यादेच्या आत सराव करावा. पाच-सहा वेळा नीट केलेली हालचाल दिवसातून दोन-तीनदा करणे पुरेसे असते. चेहरा थकला की अचूकपणा सुटतो.

नेदरलँड्समध्ये मूकाभिनयाचे कलावंत आणि वैद्यकीय तज्ज्ञ यांच्या सहकार्यातून जी ‘माइम थेरपी’ विकसित झाली, तिच्यातही मसाज, शिथिलीकरण, डोळा व ओठ यांच्या हालचाली वेगळ्या करणे आणि भावना सावकाश व्यक्त करणे यांवरच भर आहे. व्यायामांविषयीचे संशोधन अजून मर्यादित आहे, पण उपलब्ध पुरावा व्यक्तीनुसार आखलेल्या अशा व्यायामांच्या बाजूने झुकतो, आणि तोही मुख्यतः ज्यांचा आजार लांबला आहे त्यांच्यासाठी. सुरकुत्या कमी करण्यासाठी केले जाणारे ‘फेस योगा’चे व्हिडिओ निरोगी चेहऱ्यासाठी असतात, ते पाहून हे व्यायाम करू नयेत.

अपेक्षेप्रमाणे सुधारणा होत नसेल तर

काही महिन्यांनी आजारी बाजूचा डोळा लहान, गाल भरलेला आणि नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल दिसू लागली, तर अनेकांना दुसरी, म्हणजे निरोगी बाजूच कमजोर वाटू लागते, किंवा आजारी बाजू अजून अशक्त आहे असे समजून ते व्यायाम वाढवतात. प्रत्यक्षात ती बाजू आता कायम आकसलेली असते. अशा वेळी बळ वाढवणारे सगळे व्यायाम बंद करावेत, कोमट कापडाने शेकून गाल आतून अंगठा व बाहेरून बोटे धरून हळुवार ताणावा आणि दिवसभरात आठवणीने चेहरा सैल सोडावा. एवढ्याने भागत नसेल तर तज्ज्ञ डॉक्टर बोट्युलिनम विषाची अल्प मात्रा नेमक्या स्नायूत टोचतात. तिचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि त्या काळात सुट्या हालचाली शिकणे सोपे जाते.

उपचारांशिवायही सुमारे ७० टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात आणि बहुतेकांमध्ये पहिल्या तीन आठवड्यांतच हालचालीची सुरुवात दिसते. म्हणून तीन महिन्यांनंतरही सुधारणा अपुरी असेल, तर व्यायाम बदलत बसण्याऐवजी न्यूरोलॉजिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी. हळूहळू आठवड्यागणिक वाढत गेलेला वाकडेपणा, पुन्हा त्याच बाजूला झालेला झटका किंवा कानाखाली लागणारी गाठ यांसाठी तर तीन महिनेही थांबू नये, कारण लाळग्रंथीतील किंवा नसेच्या मार्गातील गाठही असेच चित्र निर्माण करते. तपासणीला जाताना दर महिन्याला एकाच उजेडात मोबाइलवर घेतलेले छोटे चित्रण सोबत न्यावे, ज्यात चेहरा स्थिर ठेवणे, भुवया उचलणे, डोळे हलके मिटणे, स्मित करणे आणि ओठांचा चंबू करणे या पाच गोष्टी त्याच क्रमाने केलेल्या असतील.