परदेशी पाहुणा नाशिकला येतोय? त्याचा ई-व्हिसा कुठे कुठे तपासला जातो ते आधी बघून घ्या

सिंहस्थ तोंडावर आला, की नाशिककरांच्या घरी परदेशी पाहुणे येऊ लागतात. कुणाकडे मुलाचे ऑफिसमधले मित्र, कुणाच्या गंगापूर रोडवरच्या होमस्टेत एखादं फ्रेंच जोडपं. व्हिसा त्यांचा, तपासणी विमानतळावर, आपण फक्त चहाचं आधण ठेवायचं, असं आपल्याला वाटतं. पण शेवटची नोंद यजमानालाच करावी लागते.

सुरुवात पाहुणा तिकडून निघण्याआधीच करा. अर्ज भारत सरकारच्या ‘इंडियन व्हिसा ऑनलाइन’ पोर्टलवरच भरायला सांगा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स जादा पैसे उकळतात. मंजुरीचा कागद, म्हणजे ईटीए, ईमेलने येतो. तरी पोर्टलवर जाऊन अर्जाची स्थिती बघावी. तिथे ‘ग्रँटेड’ दिसत नसेल तर विमानतळाकडे निघूच नये.

मग ईटीए आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या एका पाहुणीच्या अर्जात पासपोर्ट क्रमांकातल्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला होता. नवा अर्ज, नवी फी, तिकीटही पुढे ढकलावं लागलं.

पहिली खरी तपासणी विमान कंपनीच्या काउंटरवर होते. वैध कागद नसलेला प्रवासी आणला तर दंड कंपनीला बसतो, म्हणून तिथे विनवण्यांचा उपयोग होत नाही. ईटीएची छापील प्रत जवळ असावी, मोबाईलची बॅटरी नको तेव्हाच संपते. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना ई-अरायव्हल कार्डही, म्हणजे येण्याची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं, तेही भारतात उतरण्याआधीच्या ७२ तासांत.

ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच आत येता येतं. नाशिकला यायचं तर मुंबई किंवा पुणे सोयीचं. इमिग्रेशनवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, कुठे राहणार ते विचारतात. तुमचा पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर कागदावर लिहून पाठवा. ‘नाशिकमध्ये, मित्राकडे’ एवढ्याने भागत नाही. शिक्का बसला की त्यावरची तारीख तिथेच वाचायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. ३० दिवसांच्या टुरिस्ट ई-व्हिसाच्या ईटीएवर जी मुदत छापलेली असते, ती भारतात प्रवेश करण्याची. राहण्याचे ३० दिवस आल्या दिवसापासून मोजायचे. उलट, पाच वर्षांचा व्हिसा आहे म्हणून सलग वर्षभर राहता येत नाही. बहुतेक देशांच्या नागरिकांना एका खेपेला ९० दिवसच मिळतात. आणि हो, टुरिस्ट व्हिसावर कुंभाचा माहितीपट चित्रित करता येत नाही, त्याला वेगळा व्हिसा लागतो.

आता तुमचं काम. पाहुणा घरी आल्यापासून २४ तासांच्या आत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर त्याची नोंद करायची. लोक याला अजून ‘सी-फॉर्म’च म्हणतात. हॉटेलवाले हे स्वतःहून करतात. पण घरगुती यजमान, धर्मशाळा, होमस्टे यांनाही ते चुकत नाही. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, म्हणजे काम पटकन उरकतं. पाहुणा दोन रात्री त्र्यंबकेश्वरच्या हॉटेलात राहून परत तुमच्याकडे आला, तर पुन्हा नोंद करावी.

मुदत उलटून राहिलेला माणूस बहुधा परतताना पकडला जातो, कारण आल्याची तारीख संगणकात असतेच. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. आजारपण, अपघात असं काही घडलं तर मुदत संपायच्या आत ई-एफआरआरओवर, म्हणजे याच कार्यालयाच्या ऑनलाइन सेवेवर, अर्ज करा. तो घरबसल्या भरता येतो, फक्त डॉक्टरांचं पत्र आधी हातात घ्या.